मदत हवी: बीपीची गोळी 'कॅल्शियम अडवते', मग आईची कॅल्शियमची गोळी वाया जाते का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, मी बेळगावात डी. फार्मच्या पहिल्या वर्षाला. आईला अ‍ॅम्लोडिपीन ५ मिलिग्रॅम चालू आहे. हाडं ठिसूळ झालीत म्हणून गेल्या महिन्यापासून कॅल्शियमपण. बीपीची गोळी म्हणजे 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर' असं घरात शहाणपणानं सांगितलं नि फसलो. आई म्हणते, "एक घालणार, दुसरी अडवणार, मग दोन्हींचे पैसे कशाला?" शेजारी आज्जी तंबाखू मळत होती. "मग मी चुना सोडू काय?"

मला कळलेलं एवढंच: रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीबाहेर कॅल्शियम भरपूर, आत त्याच्या दहा हजारावा भाग. दार उघडलं की आत शिरतं, स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते, बीपी चढतं. गोळी ते दार अडवते. पण हातापायाच्या स्नायूत कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि वाहिनीच्या या अरेखित (पट्टे नसलेल्या) स्नायूत ट्रोपोनिनच नाही म्हणे. मग चिकटतं कशाला? पुस्तक इंग्रजीत, सर निम्मं कानडीत, माझं डोकं मराठीत. आणि आईला काय सांगू?

प्रतिसाद १:
कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला. एका रेणूवर चार कॅल्शियम बसतात. ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज हे विकर (एन्झाइम) जागं करते, ते स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, मग मायोसिन शेजारच्या प्रथिनाला, म्हणजे अ‍ॅक्टिनला ओढू लागतं. म्हणजे ट्रोपोनिनचं कुलूप अ‍ॅक्टिनवर असतं, इथलं मायोसिनवर. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात. कॅल्शियम ओसरलं की फॉस्फेट उतरवणारं दुसरं विकर वरचढ ठरतं नि स्नायू सैल पडतो.

आईंना सांग, भांडण नाही. अ‍ॅम्लोडिपीन वाहिनीच्या स्नायूचं दार अडवते, आतड्यातून हाडाकडे जाणारी वाट नाही. आणि गोळी खाल्ली म्हणून रक्तातलं कॅल्शियम वाटेल तसं वाढत नाही, पॅराथायरॉइड ग्रंथी त्यावर लक्ष ठेवून असते. फक्त पाकिटावर क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असं जोडनाव आहे का बघ. ती औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम रोखतात, त्यामुळे असेल तर डॉक्टरांना दोन्ही गोळ्या दाखव. घोट्याला सूज आली तरी सांग, अ‍ॅम्लोडिपीननं येते ती.

आज्जींनी चुन्याआधी तंबाखू सोडावा. निकोटीन वाहिन्या आवळतं.

धागाकर्ता:
पाकीट बघितलं, नुसतं अ‍ॅम्लोडिपीनच आहे. कॅल्मोड्युलिन वहीत उतरवलं. आईनं दोन्ही गोळ्या घेतल्या. आज्जीला तुमचं वाचून दाखवलं, तिला नेमकं तेव्हाच ऐकू येईना.