१९५०च्या 'फायनल'चा लेख: पहिल्या वाक्याबद्दल

विश्वकोशातल्या ह्या लेखाच्या पहिल्या वाक्यातलं 'अंतिम सामना' मी का खोडलं असं विचारलंय, तर सांगतो. १९५०च्या फुटबॉल वर्ल्डकपला फायनल नव्हतीच हो! शेवटी उरुग्वे, ब्राझील, स्वीडन, स्पेन असा चौघांचा गट, सगळे सगळ्यांशी खेळणार आणि ज्याचे गुण जास्त तो विजेता. १६ जुलैला रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेविरुद्ध ब्राझीलला नुसता ड्रॉ पुरला असता, कारण त्यांचे ४ गुण आणि उरुग्वेचे ३, तेव्हा जिंकल्यावर २च गुण मिळायचे. आता हे न सांगता 'फायनल' लिहिलं की वाचणाऱ्याला ब्राझीलच्या फ्रियासाच्या पहिल्या गोलनंतर स्टेडियम का नाचत होतं आणि उरुग्वेच्या शियाफिनोने बरोबरी केली तरी कप ब्राझीलचाच कसा होता, हे कळणारच नाही. उरुग्वेच्याच घिजियाच्या ७९व्या मिनिटाच्या गोलने ब्राझीलची खरी वाट लावली.

शिवाय त्याच दिवशी साओ पाउलोत स्वीडन-स्पेन चालू होती, म्हणजे 'स्पर्धेतला शेवटचा सामना' हेही जरा जपूनच.

माझं म्हणणं, 'विजेता ठरवणारी लढत' लिहा आणि लोक तिला फायनल म्हणतात हे पुढच्या वाक्यात टाका. प्रेक्षकसंख्येचंही तेच, १,७३,८५० ही तिकीट काढून आलेल्यांची आहे, दोन लाख हा अंदाज, दोन्ही एकाच ओळीत कोंबू नका ना. आणि 'बार्बोसाच्या घोडचुकीमुळे' कुणी घातलंय? ब्राझीलचा हा गोलकीपर बिचारा जन्मभर ते ऐकत राहिला, आता आपण विश्वकोशातही तेच सुनावायचं का? मी काढतोय ते.