मदत हवी आहे: जर्मनीत पब्लिक पॉलिसी मास्टर्स, हेल्मुट श्मिट शिष्यवृत्ती (मुदत ३१ जुलै)

डोंगरवाट
मंडळी, तातडीचं आहे म्हणून थेट विचारते. हेल्मुट श्मिट शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर जास्तीत जास्त दोनच अभ्यासक्रम टाकता येतात. बर्लिनची हर्टी स्कूल, एरफुर्टची विली ब्रांट स्कूल आणि डुइसबुर्ग-एसेन, या तिघांत माझी ओढाताण चालली आहे. कोणते दोन ठेवू? पहिली पसंती कोणाला देऊ? हातात अकरा दिवस आहेत. आयईएलटीएस ६.५ आहे. फी भरणं घरच्यांना शक्य नाही, शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणार. प्रत्यक्ष माहिती असलेल्यांनी लवकर लिहा, प्लीज.

अंजिरी
पदवी कशातली, कोणत्या वर्षी? सध्या काय करतेस? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सेवानिवृत्त_महसूल
ताई, दोन वर्षं परदेशात घालवून परत येऊन करणार काय? इथे निर्णय घेणारी खुर्ची लागते. वय बसत असेल तर राज्यसेवेची तयारी करा. मी छत्तीस वर्षं महसुलात काढली. धोरणं कागदावर कितीही चांगली असली तरी तलाठी आणि ग्रामसेवक ती कशी राबवतात त्यावर सगळं ठरतं. परदेशी पदवीवाले आमच्याकडे सल्लागार म्हणून यायचे, सहा महिन्यांत अहवाल देऊन जायचे.

डोंगरवाट
काका, राज्यसेवेचं विचारलेलं नाही. अंजिरी, बीए राज्यशास्त्र. एका संस्थेत काम करते.

टेम्सकाठी
चेव्हनिंगला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला कर ना! मी स्वतः त्यातून गेलो. एक वर्षाचा मास्टर्स, फी, राहणं, विमानप्रवास सगळं त्यात येतं. २,८०० तास कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं. अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात, ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वेळ असतो. तीन अभ्यासक्रम टाकता येतात, दोनची कटकट नाही. जर्मनीत दोन वर्षं घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

एरफुर्टची_आठवण
टेम्सकाठी, एक वर्ष "बरं" कसं ते कळलं नाही. एका वर्षात माणूस ग्रंथालयाचा रस्ता शिकतो तोवर प्रबंध लिहायची वेळ येते. शिवाय चेव्हनिंगनंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते, तेही सांगा. (ही काही वाईट अट नाही.)

डोंगरवाट, मी विली ब्रांट स्कूलला होते. एरफुर्ट लहान शहर आहे, घरभाडं बर्लिनपेक्षा बरंच कमी. वर्गात पश्चिम आफ्रिका, लॅटिन अमेरिका, नेपाळ, पाकिस्तान अशा ठिकाणची माणसं, बहुतेकांनी आधी कुठे ना कुठे काम केलेलं. एका सत्रात पाणीवाटपावर चर्चा होती. घानाच्या मैत्रिणीने तिच्या जिल्ह्यातली समिती कशी मोडली ते सांगितलं आणि मला आमच्या गावची पाणीपुरवठा समिती आठवली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी योग्य ठिकाणी आले आहे.

पण अंजिरीने विचारलेल्या वर्षाचं उत्तर दे. ते फार महत्त्वाचं आहे.

नर्मदेकाठचा
एरफुर्टच्या विद्यापीठात मार्टिन ल्यूथर शिकला होता, १५०१ साली दाखल झाला. १८१६ मध्ये ते बंद पडलं आणि १९९४ मध्ये पुन्हा उभं राहिलं. विली ब्रांट स्कूल २००२ ची. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी ते शहर बघायलाच हवं.

डोंगरवाट
बीए २०१८. आता सांगा, कोणते दोन?

अंजिरी
थांब. २०१८? शेवटची पदवी अर्जाच्या वेळी सहा वर्षांपेक्षा जुनी नसावी अशी अट आहे ना? मग तू बसतच नाहीस. कोणते दोन हा प्रश्नच उरत नाही.

टेम्सकाठी
बघा! चेव्हनिंगला अशी अट नाही.

डोंगरवाट
मी महिनाभर निबंध लिहितेय. हे आधी कुणी का सांगितलं नाही.

बर्लिनमुक्कामी
धीर सोडू नकोस, आधी नीट उत्तरं दे. २०१८ नंतर काहीही शिकलीस का? पदविका, मुक्त विद्यापीठ, काहीही. अट शेवटच्या पदवीबद्दल आहे, पहिल्या पदवीबद्दल नाही.

डोंगरवाट
इग्नूचं एमए ग्रामीण विकास केलंय, २०२२ ला झालं. पण ते घरी बसून, पत्राद्वारे. काम करता करता केलं. ते धरतील असं वाटलं नाही म्हणून फॉर्मवर लिहिलंच नाही.

बर्लिनमुक्कामी
अगं! तीच तुझी शेवटची पदवी. इग्नू हे संसदेच्या कायद्याने, १९८५ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ आहे. आजच्या आज तिन्ही कार्यालयांना दोन ओळींची मेल टाक: बीए २०१८, एमए दूरशिक्षणाने २०२२, सहा वर्षांच्या अटीत बसते का? लेखी उत्तर जपून ठेव. आणि दोन्ही गुणपत्रिका जोड. एमए लपवलंस तर अर्ज पहिल्याच चाळणीत जाईल.

टक्के किती?

डोंगरवाट
बीए ६४, एमए ६८.

गणिती_गोंधळ
जर्मन श्रेणी काढण्याचं सूत्र: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागा, तीनने गुणा, एक मिळवा. बीए: १०० वजा ६४ म्हणजे ३६, भागिले ६५, गुणिले ३, अधिक १. साधारण २.७. तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास.

अंजिरी
६५ कुठून आणलेत? उत्तीर्णतेची मर्यादा ३५ धरलीत? पदवीला ४० असते. ३६ भागिले ६० केलं की २.८ येतं.

गणिती_गोंधळ
आमच्या वेळी ३५ होती.

अंजिरी
तुमच्या वेळचं नाही, तिच्या गुणपत्रिकेच्या मागे काय छापलंय ते बघायचं. एमएचं ४० धरून २.६ येतं. काही अभ्यासक्रम २.५ मागतात, तिथे हा फरक जिव्हारी लागतो.

बर्लिनमुक्कामी
बरोबर. म्हणूनच प्रत्येक अभ्यासक्रमाची किमान श्रेणी आणि इंग्रजीची अट दोन्ही तपास, ६.५ सगळीकडे चालेलच असं नाही. आणि एक काळजीपोटी विचारतो: अर्ज कुठे पाठवणार आहेस?

डोंगरवाट
डाडच्या, म्हणजे ही शिष्यवृत्ती देणाऱ्या जर्मन संस्थेच्या दिल्ली कार्यालयाला. लिफाफा तयार आहे.

बर्लिनमुक्कामी
पाठवू नकोस! या योजनेचे अर्ज थेट त्या त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाकडे जातात. डाडकडे पाठवलेले अर्ज ते पुढे पाठवत नाहीत. दोन अभ्यासक्रम निवडलेस तर दोन्हीकडे अर्ज, आणि दोन्ही फॉर्मवर पसंतीक्रम एकच. एकीकडे हर्टी पहिली आणि दुसरीकडे एरफुर्ट पहिली असं लिहू नकोस. युरोपास पद्धतीचा, म्हणजे युरोपातल्या ठरावीक नमुन्यातला बायोडाटा लागतो, खाली हाताने सही.

डोंगरवाट
बापरे. उद्या पोस्टात टाकणार होते.

सेवानिवृत्त_महसूल
ताई, राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या का बघत नाही? राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, ७५ जागा.

निळीपहाट
काका, ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे, ८ लाख उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठांच्या क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मधलं विद्यापीठ हवं. इथेच तर घोळ आहे. हर्टी फक्त शासनविद्या शिकवते, ती त्या सर्वसाधारण क्रमवारीत नाहीच. एरफुर्ट पहिल्या २०० च्या जवळपासही नाही. म्हणजे या क्षेत्रातल्या चांगल्या शाळा क्रमवारीच्या अटीमुळे बाहेर पडतात. माझ्या भावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

नर्मदेकाठचा
पण सरकारचा पैसा आहे, काहीतरी निकष लागणारच. नाहीतर कुठल्याही दुकानछाप विद्यापीठात जातील.

निळीपहाट
निकष असावा, पण विषयाचा असावा. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यांनी माणूस आणि विषय बघितला. बाबासाहेब तिथे अर्थशास्त्र शिकले आणि भारताच्या सार्वजनिक वित्तव्यवस्थेवर लिहिलं. पब्लिक पॉलिसी म्हणजे आणखी काय असतं? आणि केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने २०२२ च्या नियमांत भारताशी संबंधित समाजअभ्यासाचे विषय परदेशी शिष्यवृत्तीतून वगळले. आपल्याच गावाचा प्रश्न घेऊन बाहेर शिकायला जायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

टेम्सकाठी
त्या केंद्राच्या योजनेत १२५ जागा आहेत, डोंगरवाटने तिकडेही करावा अर्ज.

अंजिरी
ती कोणत्या प्रवर्गातली ते कुठे सांगितलंय?

डोंगरवाट
आम्ही पावरा. धडगावजवळचे. एसटी.

अंजिरी
मग १२५ जागांची ती योजना तुझ्यासाठी नाही, ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची. आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी आहे: वर्षाला २० जागा, १७ अनुसूचित जमातींसाठी आणि ३ अतिअसुरक्षित आदिवासी गटांसाठी. आपल्याकडे त्या अतिअसुरक्षित गटांत कातकरी, कोलाम, माडिया येतात, पावरा नाही. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही एक आहे, तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात चौकशी कर. पण हे ३१ तारखेनंतर. आता लक्ष विचलित करू नकोस.

एरफुर्टची_आठवण
धडगाव! मग "एका संस्थेत काम करते" इतकंच काय लिहितेस? काय काम?

डोंगरवाट
सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेबरोबर काम करते. वन व्यवस्थापनाचा आराखडा लिहायला मदत, समितीचं बँक खातं, महू आणि तेंदूच्या हिशेबाची वही. चार गावं आहेत माझ्याकडे. दावा मंजूर होतो, पुढे काय ते कुणाला माहीत नसतं. एका गावात सचिवाने वही घरी ठेवली आणि दोन वर्षं कुणी हिशेब मागितला नाही. मागच्या उन्हाळ्यात बायकांनी ती वही ग्रामसभेत मागितली. तीन बैठका लागल्या, मग वही आली.

एरफुर्टची_आठवण
निबंधात हे आहे का?

डोंगरवाट
नाही. निबंधात सुशासन, पारदर्शकता, शाश्वत विकास उद्दिष्टं असं लिहिलंय. नमुने बघून लिहिला.

एरफुर्टची_आठवण
तो बाजूला ठेव आणि वहीपासून सुरू कर. ही शिष्यवृत्ती आपल्या देशात परतून काम करणाऱ्यांसाठी आहे. सामाजिक काम आधी केलेलं आहे का, हे ते बघतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क दिला, पण हक्क मिळालेल्या गावाने कारभार कसा करायचा, हा तुझा प्रश्न आहे. तो प्रश्न घेऊन आमच्या वर्गात आली असतीस तर मी शेजारी बसले असते.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. या कामासाठी मी एरफुर्ट पहिलं आणि डुइसबुर्ग-एसेन दुसरं ठेवीन. डुइसबुर्गचा भर विकास आणि शासन यांवर आहे. हर्टीचं नाव मोठं, पण तिथला ओढा मंत्रालयं, युरोपीय संघ, सल्लागार संस्था यांच्याकडे जास्त आहे.

बर्लिनमुक्कामी
मी असहमत. हर्टीतही विकासाचे विषय घेता येतात, आणि एरवी फी तीस हजार युरोच्या वर असली तरी या शिष्यवृत्तीत ती भरावी लागत नाही. अशी संधी पुन्हा मिळत नाही. बर्लिनमध्ये संस्थांचं जाळं आहे, इंटर्नशिप सोपी जाते.

एरफुर्टची_आठवण
बर्लिनमध्ये खोली शोधायला तिला चार महिने लागतील.

बर्लिनमुक्कामी
मला पाच लागले. तरीही म्हणतो.

मुसाफिर_८२
प्रेशर कुकर इथूनच न्या, तीन लिटरचा. शिट्टी आणि रिंग जादा ठेवा. तूरडाळ तिकडे मिळते पण महाग. थर्मल कपडे मात्र तिकडेच घ्या, इथले उपयोगाचे नसतात.

अंजिरी
मुसाफिर, अजून अर्ज गेलेला नाही.

गणिती_गोंधळ
पैशाचा हिशेब: विद्यावेतन महिन्याला ९९२ युरो, वर आरोग्यविमा आणि प्रवासखर्च. शिष्यवृत्ती नसलेल्याला व्हिसासाठी बँकेत ११,९०४ युरो अडकवून ठेवावे लागतात, त्याचे बारा भाग केले तर तेच ९९२ येतात. तिला ते लागणार नाहीत.

डोंगरवाट
आणि एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला? त्याला १८,००० रुपये आणि कित्येक आठवडे लागतात असं वाचलं. माझ्याकडे दोन्ही नाहीत.

बर्लिनमुक्कामी
नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे, पण जर्मन सरकारी निधीतून शिष्यवृत्ती मिळालेल्यांना त्यातून सूट असते. अभ्यासक्रम स्वतःहून मागत असेल तर तेवढं त्याच मेलमध्ये विचार. निवड झाली तर आधी एप्रिलपासून सहा महिने जर्मन भाषेचा वर्ग, मग ऑक्टोबरात मास्टर्स. शिक्षण इंग्रजीतून.

सेवानिवृत्त_महसूल
ताई, वहीचं वाचलं. माझ्या तालुक्यात अशा वह्या मागणारं कुणी नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो, अर्ज करा. शिफारसपत्र कोणाचं घेताय?

डोंगरवाट
काका, धन्यवाद. एक संस्थेच्या प्रमुखांचं मिळालं. दुसरं बीएच्या सरांचं, ते निवृत्त झालेत, शहाद्याला राहतात. उद्या सकाळच्या एसटीने जाते. मेल तिन्हीकडे टाकल्या. डुइसबुर्गचं उत्तर आलं: एमएची अंतिम गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र जोडून अर्ज करा. एरफुर्टचं यायचंय. हर्टी काढून टाकली, बर्लिनमुक्कामी, रागावू नका.

बर्लिनमुक्कामी
रागवत नाही. सरांचं पत्र लेटरहेडवर, तारखेसह, सही-शिक्क्याचं घे. निवृत्त असतील तर पूर्वीचं पद आणि तुला कोणत्या वर्षी शिकवलं ते त्यात यायला हवं.

एरफुर्टची_आठवण
निबंधाचं नवं पहिलं पान रात्री पाठव, मी जागी आहे. त्या तीन बैठकांत कोण काय बोललं ते आठवेल तेवढं लिही, इंग्रजी नंतर बघू.