न्यू ऑर्लिन्सला दोन दिवस: काय पाहावे?

नांदेडकर: मुलगी ह्यूस्टनला असल्याने मार्चमध्ये आम्ही उभयता न्यू ऑर्लिन्सलाही जाणार आहोत, गोदाकाठी वाढलेल्या शाकाहारी माणसांनी तेथे नेमके काय पाहावे?

परभणीकर: १७१८ साली वसलेल्या या शहराचा फ्रेंच क्वार्टर हा जुना भाग पायीच पाहावा, जॅक्सन स्क्वेअरसमोरचा बांध चढून मिसिसिपी न्याहाळावी आणि १८३५ पासून सुरू असलेल्या सेंट चार्ल्स मार्गावरील ट्राममधून एक फेरी मारावी. बर्बन स्ट्रीटवरील गोंगाटापेक्षा फ्रेंचमेन स्ट्रीटवरचे जॅझ संगीत मला अधिक भावले.

लातूरकर: गम्बो या तेथील दाट रश्श्यात भेंडी दिसली तरी फसू नये, कारण त्यात बहुधा कोळंबी किंवा मांस असते. पिठीसाखरेने माखलेले बेन्ये (मैद्याचे तळलेले चौकोनी तुकडे) मात्र, अंड्याची चौकशी करून, अवश्य खावेत. काळे कपडे घालून नव्हे.