विहिरीत तणनाशक उतरलं असेल तर चिपाडाच्या राखेचा फिल्टर चालंल का?

करवीरचा_ऊसवाला:
मंडळी, आमची विहीर उसाच्या रानातच आहे आणि घरात प्यायला तेच पाणी. परवा लागणीवर अॅट्राझिन हे तणनाशक मारलं, पोरांनी पंप विहिरीच्या काठावरच धुतला आणि रात्री दणकून पाऊस. आई म्हणते उकळून प्या. घरात तीन वर्षांची पोरगी आहे ओ, जीव थाऱ्यावर नाही. शेजारच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणातली चिपाडाची राख वाळूबरोबर ड्रममध्ये भरून पाणी गाळलं तर?

लॅबवाली_ताई:
दादा, उकळू नका. अॅट्राझिन उकळून जात नाही, पाणी आटतं आणि औषध तेवढंच राहतं. राखेचा पण उपयोग नाही, चुलवाणात हवा भरपूर लागते त्यामुळं बहुतेक कोळसा जळून जातो, उरते ती मुख्यतः वाळूसारखी सिलिका आणि थोडे क्षार. औषध धरतात ती कोळशातली भोकं, २ नॅनोमीटरपेक्षाही बारीक. करवंटीचा कोळसा ८००-९०० अंशाला वाफ देऊन बनवतात तेव्हा ती उघडतात, त्याला अॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. अशा एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे चिमटीभर कोळशात दहा गुंठे रान!

शिरोळकर:
ताई बरोबर बोलल्या. भावा, आपल्याकडं पिण्याच्या पाण्यात अॅट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात तर कुठल्याही एका कीटकनाशकाला ०.१. विहीर २० फूट रुंद आणि पाणी ३० फूट धरलं तर पावणेतीन लाख लिटर होतं, त्यात अर्धा-पाऊण ग्रॅम औषध गेलं तरी मर्यादा गाठली. पंपाच्या तळाला राहिलेलं पाणी आठव.

करवीरचा_ऊसवाला:
बापरे, एवढ्याशानं? मग नळाला लावायची कार्बनची कांडी आणू का?

लॅबवाली_ताई:
आणा, पण आधी पाणी तपासा. काचेच्या गडद बाटलीत नमुना घ्या, प्लास्टिकच्या नको, आणि एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबला अॅट्राझिन तपासा असं नाव घेऊन सांगा, साध्या पाणी तपासणीत ते येत नाही. कांडीच्या आधी गाळ अडवणारा फिल्टर हवाच, पावसाळ्यात कुजलेल्या पाल्याचे विरघळलेले अंश पण त्याच भोकांत जाऊन बसतात आणि औषधाला जागा उरत नाही. धार बारीक ठेवा, पाणी कोळशाजवळ थांबलं तरच पकडतं. कांडी भरली की चवीवरनं काहीच कळत नाही, म्हणून बदलायची तारीख तिच्यावरच लिहा. आणि ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मारत असाल तर ते वेगळं, पाण्यात इतकं विरघळतं की कोळसा त्याला नीट धरत नाही.

शिरोळकर:
वापरलेली कांडी रानात टाकू नको रं, धरलेलं औषध तिच्यातच असतंय.

करवीरचा_ऊसवाला:
लई आभार दोघांचे. रिपोर्ट येईपर्यंत पोरीला गावातल्या बहिणीकडनं पाणी आणतोय. पंप आता विहिरीपासनं लांब, बांधापलीकडं धुवायचा असं पोरांना सांगितलंय. उद्या सकाळी बाटली घेऊन जातो, ताई, नमुना वरचा घेऊ का तळाचा?

लॅबवाली_ताई:
मोटर दहा मिनिटं चालू द्या, मग नळाचाच घ्या. तुम्ही पिता तेच पाणी तपासायचंय.