मदत हवी आहे: क्लासला न्यायची चेन काढली की कुत्री दिवाणाखाली जाते, क्लास सोडू का?

नमस्कार मंडळी, बेळगावात टिळकवाडीत राहतो. घरात मुधोळ हाउंड आहे, प्युअर की मिक्स ते विचारू नका, बागलकोटकडच्या पाव्हण्यांनी पिल्लू आणून दिलेलं, आता वर्षाची होत आली. नाव बिजली. नावाला जागते, गेट जरा उघडं दिसलं की सुटली, आणि व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत मांजर नाहीतर मुंगूस दिसलं तर मग तुम्ही घसा फाडून बोलवा, मान वळवून बघत सुद्धा नाही. म्हणून ओबीडियन्स क्लासला घातली. रविवारी सकाळी असतो, लॅब, जर्मन शेफर्ड, आणि एक बीगल जो क्लासभर फक्त लोकांच्या खिशांचे वास घेतो.

तिथं सगळ्यांना एकच पद्धत. चोक चेन (ओढली की गळ्याला आवळणारी साखळी) घालायची, 'सिट' म्हणायचं, बसलं नाही की चेनला झटका आणि कमरेवर हात दाबून खाली. लॅब बिचारे बसतात. बिजली पाय ताठ करून उभीच राहते, जास्त दाबलं की कुंईकुंई करते. ट्रेनर म्हणतात ही जातच हट्टी, शिकारीचं कुत्रं, ट्रिक-बिक हिच्या डोक्यात शिरायची नाही, दम धरा. दम मी धरीन हो, खरं आता घरात नुसता चेनचा खळखळ आवाज आला तरी शेपूट पोटात घेऊन दिवाणाखाली जाते, कान मागं टाकते, सारखी ओठ चाटते, झोप नसताना जांभया देते. बायको म्हणते फी गेली तर गेली, बंद करा. वडील म्हणतात जनावराला धाक पाहिजेच.

आणि हीच कुत्री आईकडून घरात गिरकी घ्यायला शिकलीय! आईकडं चेन-बिन काही नाही, उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मूठ नाकासमोर धरून गोल फिरवली, ही मागोमाग फिरली, मूठ उघडली. आता रिकामं बोट फिरवलं तरी फिरते. (मध्येच आई कुंदा, म्हणजे आमच्या इथली मिठाई, पण देते, ते मी बंद करतोय, जमेल तसं.)

तर क्लास सोडावा का, आणि बेळगाव, हुबळी, कोल्हापूर कुठंही खाऊ देऊन शिकवणारं कोणी असेल तर त्यांना भेटल्यावर विचारायचं काय? आणि बोलावल्यावर येणं शिकवायचं कसं, मला खरी गरज त्याचीच आहे.

निपाणीकर: कमरेवर दाबणं आजपासून बंद. आमच्याकडं पण कारवान आहे, म्हणजे मुधोळच, नाव तेवढं दुसरं. या कुत्र्यांच्या मांड्या भरलेल्या, अंगात चरबी नाही, कडक फरशीवर बसणं त्यांना अवघडच जातं, हट्ट कसला त्यात. जाड चटई टाका आणि आईंसारखंच करा, खाऊ नाकाजवळून कपाळाच्या दिशेनं मागं न्या, ढुंगण आपोआप खाली येतं. टेकलं त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा, उशीर झाला तर तिला कळत नाही कशाचं मिळालं ते. तरी बसली नाही तर 'उभी रहा, थांब' शिकवा, शिस्त ती पण असतेच की. दाबल्यावर ओरडते म्हणताय तर आधी डॉक्टरला कंबर दाखवा. आणि जात शिकत नाही हे कोणी सांगितलं? आर्मीनं 2016 मध्ये मुधोळ हाउंड मेरठला ट्रेनिंगला नेले होते.

कोल्हापूरची ताई: भाऊ, क्लास शोधताना एकच विचारा, कुत्र्यानं चुकवलं तर तुम्ही काय करता? उत्तरात झटका, दम, 'बॉस कोण ते दाखवायचं' असलं काही आलं तर चहा घेऊन परत या. आधी कुत्री न नेता क्लास बघायला जा, बाकीच्या कुत्र्यांच्या शेपट्या बघा, सगळं कळतं.

बोलावण्याचं सांगते. हाउंड नजरेवर पळतं, एकदा सावज दिसलं की कान बंद, त्यामुळं मोकळ्या मैदानात सोडायचंच नाही, कितीही शिकली तरी. दहा मीटरची दोरी घ्या, हार्नेसला (छातीभोवती घालायचा पट्टा) बांधा, गळ्याला नको, धावत जाऊन दोरी संपली तर मानेला हिसका बसतो. सुरुवात घरात, मग गच्चीवर, मग सकाळी रिकाम्या गल्लीत, मैदान सगळ्यात शेवटी. तीन-चार मिनिटंच करा, ती कंटाळायच्या आत थांबा. बोलावून तुम्ही उलट्या दिशेला पळा, तिच्या मागं पळालात तर तिला तो खेळ वाटतो. आली की चिकन द्या आणि परत सोडा. दरवेळी आल्या आल्या पट्टा लावून घरी नेलं तर ती कशाला येईल? शब्द पण घरात एकच ठरवा, आई 'ये' म्हणणार, शेजारचे 'बा इल्ली', तुम्ही 'कम', असं नको.

धागाकर्ता: ताई, शेजारचे खरंच 'बा इल्ली' म्हणतात आणि त्यांच्याकडं ती जाते, त्यांच्या हातात रोटी असते! क्लास बंद करतोय, वडिलांना आईची गिरकी दाखवली, काही बोलले नाहीत, खरं संध्याकाळी त्यांच्या खिशात शेंगदाणे सापडले. हार्नेस मागवतो. साधा पट्टा मात्र डोक्यावरून सटकतो, काय करू?

निपाणीकर: डोकं निमुळतं, मान जाड, सटकणारच. मार्टिंगेल कॉलर घ्या, ओढली की थोडीच आवळते, चोक चेनसारखी शेवटपर्यंत नाही. माप कानांच्या लगेच मागं घ्या, आणि डोक्याचा सगळ्यात रुंद भाग वेगळा मोजा, तेवढी सैल झाली पाहिजे नाहीतर घालता यायची नाही. पूर्ण आवळल्यावर पट्टीची दोन टोकं एकमेकांना टेकायला नकोत. आणि शेंगदाणे खारे नाहीत ना ते बघा.