प्रति: दाखले काढायला काय होतं?
वरती कुणीतरी लिहिलंय की भटक्या-विमुक्तांना सवलती आहेत, पण तेच आळस करतात, दाखले काढत नाहीत. दाखले नसतात हे खरंय, आळसाचं काही पटलं नाही. व्हीजेएनटीच्या, म्हणजे विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या, जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राहण्याचा पुरावा मागतात, आता ज्याचा आजा गाढवावर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरला त्याने कुठल्या गावचा सातबारा आणायचा? १९५२ पर्यंत गुन्हेगार जमाती कायद्याखाली, म्हणजे अख्ख्या जमातीलाच जन्मजात गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या कायद्याखाली, यातल्या कितीतरी लोकांची पोलिसात हजेरी लागायची, तेव्हा बरी नोंद सापडायची! आमच्या गावाबाहेरच्या पालावरच्या एका पोरीसाठी मी तीन चकरा मारल्या. आज्जीने पत्र्याच्या पेटीतून काढून दिलं एकच मतदान कार्ड, त्यावरही जन्मसाल अंदाजे टाकलेलं. क्लार्क म्हणाला, हे चालत नाही. पोरगी अजून ओपनमधूनच फॉर्म भरतेय.