मदत हवी आहे: चित्राचं वर्णन करताना इन, ऑन की ॲट?

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेसाठी चित्रवर्णनाचा सराव करतेय. टेबलावर ठेवलेलं पुस्तक ऑन, टेबलाला न टेकता वर लटकणारा दिवा ओव्हर किंवा अबव्ह, इथवर ठीक. 'समोर'चंही जमलं: रस्त्यापलीकडचं घर ऑपोझिट, रांगेत माझ्या पुढचा माणूस इन फ्रंट ऑफ. घोडं अडतंय कोपऱ्यावर. खोलीच्या कोपऱ्यातली खुर्ची इन द कॉर्नर, पण रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानाला ऑन आणि ॲट दोन्ही वाचलंय. मग चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला पक्षी कसा सांगायचा? आणि झाडाच्या डावीकडे बसलेल्या मुलीसाठी ऑन द लेफ्ट की टू द लेफ्ट ऑफ? नियमांचे तक्ते नकोत, ते ढीगभर आहेत. बोलताना तुमच्या तोंडी पटकन काय येतं तेवढं सांगा.